गयानातलं 'जोखन' हे आडनाव आणि सासरच्या घराण्याचं हरवलेलं गाव

ओवी_टोरांटो

मंडळी, हा धागा वर्षभर मनात आहे. आज लिहितेच.

माझा नवरा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा, तिथल्या बर्बीस भागाकडचा. त्याचे पूर्वज इंग्रजी अमलात भारतातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. तो आठ वर्षांचा असताना घरचे सगळे टोरांटोला आले. आडनाव जोखन. आमची लेक बोलायला लागली तेव्हा सासूबाई तिला म्हणाल्या, "मला आजी म्हण." मला भरून आलं. वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम मराठी शब्द शिकल्या. पण तसं नव्हतं. त्यांच्याकडे बापाच्या आईला आजीच म्हणतात आणि बापाच्या बापाला आजा. घरात हिंदी कुणाला येत नाही, तरी हे शब्द टिकलेत. पालेभाजीला भाजी म्हणतात, भाजलेल्या वांग्याला चोखा.

सासरे मागच्या वर्षी गेले. क्रियाकर्माच्या वेळी पंडितजींनी गोत्र विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कश्यप लावलं. मग तीन पिढ्यांची नावं विचारली. सासऱ्यांच्या वडलांचं नाव सांगता आलं. त्यांच्या आजाचं येईना. सगळे नुसतं 'म्हातारा जोखन' म्हणायचे. पणजाचं तर काहीच नाही. पंडितजींनी समजुतीनं निभावून नेलं, पण सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. रात्री मला म्हणाल्या, "पन्नास वर्षं या घराचं नाव लावलं, आणि ते कुठून आलं ते मला माहीत नाही."

त्या आता ७९ वर्षांच्या आहेत. त्यांच्यासाठी मला हे शोधायचंय. घरात दोन दंतकथा आहेत. एक काका म्हणतात, मळ्यावरच्या जोआकिम नावाच्या पोर्तुगीज दुकानदारावरून हे नाव पडलं. दुसरे म्हणतात, जोखन हे उत्तर प्रदेशातलं गाव आहे. मीही मराठी मनानं आधी नकाशाच उघडला. आपल्याकडे आडनावाचा 'कर' काढला की गाव हाती लागतं. इथे काही लागलं नाही.

कुणी असं काही शोधलंय का? सुरुवात कुठून करू?

गवतीचहा

आजीचा प्रसंग वाचून गलबलून आलं. माहिती काही नाही, पण धाग्यावर रुमाल टाकून ठेवते.

साळगावचो

जोआकिम शक्य आहे की! आमच्या गावात तीन जोकी आहेत. गयाना, त्रिनिदादमध्ये फर्नांडिस, डिसूझा, गोन्साल्विस अशी आडनावं भरपूर आहेत. १९८३च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये वेस्ट इंडिजकडून लॅरी गोम्स होता, तो आम्हा गोव्याच्या पोरांना आपलाच वाटायचा. आमच्यातलेच कुणी तिकडे गेले असतील काय?

पिंपळपान

साळगावचो, तुमचा जिव्हाळा समजतो, पण ती मंडळी गोव्याची नाहीत. ती मदैराची, म्हणजे अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटाची. गुलामगिरी संपत आली तेव्हा मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि मदैरात तेव्हा गरिबी होती. १८३५ साली 'लुईझा बेली' नावाचं जहाज मदैराहून मजूर घेऊन गयानाला पोचलं. पुढच्या पन्नासेक वर्षांत तिथे सुमारे ३०,००० लोक गेले. ऊसतोड त्यांना मानवली नाही, तेव्हा बहुतेकांनी दुकानं टाकली. त्यामुळे ओवींच्या काकांच्या गोष्टीतला पोर्तुगीज दुकानदार अगदी खरा असू शकतो. सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन देशाचे पंतप्रधान राहिलेले राल्फ गोन्साल्विस याच मदैरावाल्यांच्या वंशातले.

पण दुकानदाराचं नाव हिंदू मजुराला का लागेल? ओवी, एक सांगा. घरात हे आडनाव बोलतात तेव्हा 'क' म्हणतात की 'ख'?

साळगावचो

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. लॅरी गोम्स मात्र माझ्या मनात साळगावचाच राहील.

ओवी_टोरांटो

नवरा 'जोकन' म्हणतो. पण तो आणि त्याच्या पिढीतले सगळे तसंच म्हणतात. आत्ता मुद्दाम सासूबाईंना फोन करून म्हणायला लावलं. स्वच्छ 'ख'. जो-ख-न.

बनारसी_पान

'ख' असेल तर जोआकिम बाद. गावही बाद.

आमचं घराणं सहा पिढ्या काशीत आहे, दुर्गाघाटाच्या बाजूला. लहानपणी आमच्याकडे दूध घालायला यायचा त्याचं नाव जोखू. मी आजीला विचारलं होतं, हे कसलं नाव? तिनं सांगितलेलं अजून आठवतं.

पूर्वांचलात, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात, ज्या बाईची मुलं जगत नसत, ती नवं मूल झाल्यावर त्याला तराजूत घालून धान्याच्या भारंभार जोखायची. तेवढं धान्य वाटून टाकायची. म्हणजे मुलाच्या वजनाचं देणं देऊन झालं, आता त्याच्यावर कुणाचा हक्क उरला नाही. अशा मुलाचं नाव जोखू, जोखन, जोखई.

अशीच आणखी नावं आहेत. बेचू किंवा बेचन म्हणजे 'विकलेला'. मूल शेजारणीला दोन कवड्यांना विकायचं आणि परत आणायचं. फेकू म्हणजे टाकून दिलेला. घुरहू म्हणजे उकिरड्यावर ठेवून उचललेला. कतवारू, केराचा. तिनकौडी, तीन कवड्यांचा. छेदी, ज्याचं नाक-कान टोचलं तो. यमाला किंवा नजर लावणाऱ्याला वाटावं, हे पोर काही कामाचं नाही, राहू दे.

भोजपुरी भागात म्हातारी माणसं अजून या नावांची भेटतात. तरुण पिढीत नाहीत.

अभय_नागपूर

अहो, जोखणे हा तर आपलाच शब्द! पाणी जोखणं म्हणतो ना आपण, वजनमापं जोखणं म्हणतो. मी चाळीस वर्षं हा शब्द वापरतोय आणि धागा वाचताना डोक्यात आला नाही.

नावांची रीतही आपलीच. दगडू, धोंडू, भिकू, केरू, कचरू. आमच्या विदर्भात तर उकर्डा. माझ्या पणजोबांचं नाव उकर्डा होतं. त्यांच्या आधीची चार भावंडं गेली होती. पणजोबा जन्मले तशी त्यांच्या आईनं त्यांना टोपल्यात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या बाईनं उचललं, आणि आईनं पसाभर ज्वारी देऊन पोर तिच्याकडून विकत घेतलं. ते ८१ वर्षं जगले. कागदोपत्री शेवटपर्यंत उकर्डाच. माझ्या वडलांना शाळेत या नावाची लाज वाटायची. मला नाही वाटत.

गवतीचहा

अभय, पसाभर ज्वारीवर डोळे भरून आले. आमच्याकडे आत्याचं नाव नकुशी होतं, ते मात्र वेगळ्या कारणानं. ते दुःख या धाग्यात नको.

तात्या७२

माझं थोडं वेगळं मत. तराजू म्हटलं की व्यापारी जात आली. जोखन म्हणजे तोलणारे, मोजणारे. बनिया किंवा तेली असावेत. आडनावावरून जात आणि जातीवरून गाव, असा शोध घ्यावा.

बनारसी_पान

तात्या, जोखन म्हणजे तोलणारा नव्हे, तोललेला. फरक मोठा आहे. आणि ही नावं अहिर, कुर्मी, चमार, ठाकूर, सगळ्या घरांत असत. पोर जगत नसलं की आईला जात नसते.

पिंपळपान

तात्या, तिथल्या आडनावांवरून जात ओळखायला गेलात तर पाय घसरेल. कागदावर जातीचा रकाना होता, पण माणसं मनातलं सांगत. मळेवाल्यांना ब्राह्मण नको असत. हात मऊ, शिवाय इतरांना चिथावतील ही भीती. म्हणून काहींनी दुसरीच जात लिहवली. उलट काही जण जहाजातून उतरल्यावर महाराज किंवा सिंग झाले. तिथले लोक अशांना 'जहाजावरचे ब्राह्मण' म्हणतात. ज्याला इथे विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यानं समुद्र ओलांडून नवं नाव घेतलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे, ती जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः त्रिनिदादमधल्या एका मित्राच्या घराण्याचा शोध घेतलाय, त्यातून कळलेलं.

आपल्याला वाटतं तसं हे घराण्याचं आडनाव नाहीच. कलकत्त्याच्या डेपोत मजुराचा परवाना लिहीत, त्यात त्याचं एकच नाव असे. खाली बापाचं नाव, वय, जात, उंची, जिल्हा, ठाणं किंवा परगणा, गाव, जवळच्या नातलगाचं नाव आणि अंगावरच्या खुणा. आडनावाचा रकानाच नव्हता, कारण त्या माणसांना आडनाव नव्हतं. तिकडे गेल्यावर मूल झालं की जन्मनोंदीत बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागलं, आणि इंग्रजी पद्धतीत ते कायमचं आडनाव झालं.

म्हणजे ओवी, सासऱ्यांच्या आजाचं नाव हरवलेलं नाही. 'म्हातारा जोखन' असं लोक म्हणायचे ना? तेच त्यांचं नाव. तुमच्या सासूबाईंनी पन्नास वर्षं लावलं ते एका माणसाचं नाव आहे, त्याच्या आईनं ठेवलेलं.

ओवी_टोरांटो

हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. नवऱ्याला भाषांतर करून सांगितलं. तो काही न बोलता आईला फोन करायला गेला.

शुक्रतारा

हा धागा वाचनखूण म्हणून साठवला. सगळ्यांना धन्यवाद.

कसोटीवीर

आता मला झोप यायची नाही. वेस्ट इंडिजच्या क्रिकेटपटूंचीच नावं बघा. रोहन कन्हाय म्हणजे कन्हाई, आपला कान्हा! कालिचरण सरळ आहे. चंदरपॉल म्हणजे चंद्रपाल. सरवान म्हणजे श्रवण? बिशू म्हणजे विष्णू? नरीन म्हणजे नारायण? सगळी आजोबा-पणजोबांची नावं?

पिंपळपान

होय, सगळी अशीच. चंदरपॉलचा मुलगा तेजनारायणही कसोटी खेळला, त्याचं तिकडचं रूप तेगनरीन. आणि रामाधीन, म्हणजे रामाच्या अधीन. सनी रामाधीन १९५० साली इंग्लंडमध्ये वेस्ट इंडिजकडून खेळला, तो त्या संघातला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू.

कसोटीवीर

गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते कन्हायवरून, हे आपल्याला माहीत आहे. सुनील नरीनच्या वडलांनी मुलाचं नाव सुनील ठेवलं ते गावसकरांवरून. मुंबईहून एक नाव त्रिनिदादला गेलं आणि गयानाहून एक नाव मुंबईला आलं. मला हे फार आवडतं.

अभय_नागपूर

कसोटीवीर, एक नंबर! पण छेदी म्हटल्यावर मला चेदी जगन आठवले. गयानाचे राष्ट्राध्यक्ष.

बनारसी_पान

हो, १९९२ ते १९९७. जन्म १९१८चा, पोर्ट मोरंटचा, म्हणजे कन्हायच्याच गावचा आणि ओवींच्या सासरच्या बर्बीस भागातला. त्यांचे आईवडील तान्हेपणी आपापल्या आयांबरोबर १९०१ साली उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून गेले होते. चेदी म्हणजे छेदी, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. आणि जगन हे आडनाव म्हणजे वडलांचं नाव.

बेचूचंही सांगतो. बेचू नावाचा एक मजूर १८९४च्या सुमारास गयानाला गेला. इंग्रजी येत होतं. मळ्यांवरच्या जुलमांबद्दल तो वर्तमानपत्रात पत्रं लिहायचा, आणि ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या १८९७च्या रॉयल कमिशनपुढे त्यानं साक्ष दिली. 'विकलेला' असं नाव असलेला माणूस माणसांच्या विक्रीविरुद्ध उभा राहिला.

देवगडी

थोडं अवांतर, पण नात्यातलं. मॉरिशसला मराठी लोक आहेत, बहुतेक रत्नागिरी, सावंतवाडीकडून मुंबई बंदरातून गेलेले. नोकरीच्या निमित्तानं मी पोर्ट लुईला दोन वर्षं होतो. तिथेही हेच. ज्याचा खापरपणजोबा सखाराम, त्याचं आडनाव सखाराम. आपल्यासारखी 'कर' लावलेली आडनावं जवळपास दिसली नाहीत. गणपती मात्र दणक्यात बसवतात, आरत्या मराठीत म्हणतात. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुनी दप्तरं आहेत. एका ओळखीच्या गृहस्थांना तिथून गावाचं नाव मिळालं. स्पेलिंग असं की दोन दिवस मोठ्यानं वाचत बसलो, तेव्हा कळलं की ते आमच्या शेजारचंच गाव.

ओवी, यावरून एक सुचवतो. कागद मिळाला की डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणा. कारकुनानं कानानं लिहिलंय.

खिडकीतली_सायली

मी लंडनला असते. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण जमैकन आहे, आफ्रिकी वंशाची. तिला हा धागा सांगितला. ती म्हणाली, तुमच्या मजुरांना निदान गावाचा रकाना होता.

तिचा शोध १८१७ सालच्या गुलामांच्या नोंदवहीपाशी थांबलाय. त्यात बहुतेकांचं एकच नाव, अंदाजे वय, आणि आफ्रिकेत जन्म की बेटावर, एवढंच. मालकाचं नाव मात्र पूर्ण. तिचं आडनाव एका स्कॉटिश मळेवाल्याचं आहे. आफ्रिकेतलं गाव, भाषा, आईनं ठेवलेलं नाव, काहीही नाही. गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारनं २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. त्या दाव्यांचे कागद नीट जपलेत, लंडनच्या विद्यापीठानं ऑनलाइन टाकलेत. म्हणून तिला स्वतःच्या पूर्वजाचं नाव शोधायला त्याला विकत घेणाऱ्याचं नाव शोधावं लागतं.

कॅरिबियन घराणं म्हटलं की हेही आलंच, म्हणून लिहिलं.

पिंपळपान

सायली, बरं झालं लिहिलंत. आपली माणसं तिथे गेली ती त्यांच्याच रिकाम्या झालेल्या खोपटांत. १ ऑगस्ट १८३८ला गुलाम पुरते मोकळे झाले, आणि त्याच्या तीन महिने आधी, ५ मे १८३८ला, 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही पहिली दोन जहाजं गयानाला लागली होती. तिथून १९१७पर्यंत गयानाला सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादला १ लाख ४४ हजार, सुरिनामला ३४ हजार माणसं गेली. पाच वर्षांचं कंत्राट. गुलामी नव्हती हे खरं, पण मळ्याबाहेर परवान्याशिवाय पाऊल टाकलं तर तुरुंग होता.

शुक्रतारा

ही पद्धत बंद व्हावी म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केलेलं काम शाळेत कुणी शिकवलं नाही. १९१०मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत मजूर पाठवणं थांबवावं असा ठराव मांडला आणि सरकारनं तो मानला. १९१२मध्ये सगळ्याच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करा म्हणून कौन्सिलात ठराव आणला. सरकारी मतांपुढे तो पडला. १९१५ला ते गेले. पुढच्या वर्षी मदनमोहन मालवीयांनी तोच विषय परत मांडला, १९१७ला भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२०ला उरलेली कंत्राटंही रद्द झाली. ओवी, सासूबाईंना हेही सांगा. पुण्याच्या एका माणसानं त्यांच्यासाठी भांडण केलं होतं.

जनुकजाणता

एवढी दगदग कशाला? नळीत थुंकी घालून डीएनए चाचणीला पाठवा, सहा आठवड्यांत निकाल. मी केलंय.

पिंपळपान

त्यात 'उत्तर भारत' असं येतं. ते ओवींना आधीच माहीत आहे. गाव येत नाही. नातलग जुळायला बस्ती-बलियातल्या लोकांनीही थुंकी पाठवलेली असायला हवी ना. जुळतात ते टोरांटो आणि न्यूयॉर्कमधले चुलत भाऊ.

जनुकजाणता

चुलत भाऊ जुळणं ही छोटी गोष्ट नाही. एकाच माणसाची लेकरं वेगवेगळ्या आडनावांची झाली असतील तर ते कागदावर कसं कळणार?

पिंपळपान

हे मात्र अगदी बरोबर. माझे शब्द मागे घेतो. हिंदू पद्धतीनं लागलेली लग्नं तिथे बराच काळ कायद्यानं धरत नसत. त्रिनिदादमध्ये हिंदू विवाहाचा कायदा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आला. तोवर पोरं कागदावर अनौरस. त्यामुळे कुणाला बापाचं नाव लागलं, कुणाला आईचं, कुणी स्वतःचंच नाव पुढे चालवलं. एका घरात तीन आडनावं.

ओवी, जन्माच्या दाखल्यापासून सुरुवात करा. सासऱ्यांच्या वडलांचा दाखला मागवा. गयानात मजुरांच्या मुलांच्या जन्मनोंदीत आईबापाच्या नावाशेजारी जहाजाचं नाव, साल आणि नंबर लिहीत. तो नंबर मिळाला की जॉर्जटाउनच्या वॉल्टर रॉडनी अभिलेखागारात परवाना शोधता येतो. नुसतं 'जोखन' म्हणून शोधू नका, दहा जोखन निघतील. (सुरिनामवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांची सगळी नावं ऑनलाइन शोधता येतात. त्रिनिदादची वही पोर्ट ऑफ स्पेनला आहे.)

आणि आईकडे दुर्लक्ष करू नका. दर १०० पुरुषांमागे ४० बायका नेल्याच पाहिजेत असा नियम होता. त्यातल्या पुष्कळ एकट्या गेलेल्या, विधवा, टाकलेल्या. त्यांचे परवाने वेगळे असतात.

ओवी_टोरांटो

तीन आडनावं! सासऱ्यांच्या 'मानलेल्या' चुलत भावांचं आडनाव रामधनी आहे. आम्हाला वाटायचं ते मानलेले आहेत. काल सासूबाईंनी सहज सांगितलं की म्हातारा जोखनच्या थोरल्या मुलाचं नाव रामधनी होतं. म्हणजे ते सख्खे चुलत. इतकी वर्षं दिवाळीला येतात, आणि कुणाला माहीत नाही!

दाखल्याचा अर्ज आजच करते.

तात्या७२

मघाशी मी जातीचा मुद्दा मांडला, तो आडनावापुरता चुकलाच. पण एक सांगतो, मी महसुलात होतो. परवान्यावर जात असेल तर ती फेकून देऊ नका. खेड्यात टोळे, म्हणजे वस्त्या, जातवार असतात. गाव सापडल्यावर कुठल्या टोळ्यात विचारायचं हे त्या रकान्यावरूनच ठरेल. कारकुनानं दहात नऊदा खरंच लिहिलेलं असतं.

बनारसी_पान

तात्या, हे पटलं. आणि जिल्ह्यांच्या नावांत अडकू नका. जुन्या शाहाबादचे आता चार जिल्हे झालेत. बस्तीचे तीन. आझमगडातून मऊ निघाला. परवान्यावरच्या जिल्ह्यात गाव नाही म्हणून लोक रडत परत जातात, आणि ते शेजारच्या जिल्ह्यात असतं.

गवतीचहा

ओवी, काही कळलं का?

गवतीचहा

चार महिने झाले. धागा वर काढतेय. सासूबाई बऱ्या आहेत ना?

ओवी_टोरांटो

बऱ्या आहेत. उशीर झाला, माफ करा. कागद हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

दाखल्याला अडीच महिने लागले. एकदा चुकीच्या माणसाचा आला. दुसऱ्यांदा बरोबर आला, १९०५चा, आणि पिंपळपान यांनी सांगितलं तसंच त्यावर जहाज आणि नंबर. नवऱ्याचा मावसभाऊ जॉर्जटाउनला असतो, त्यानं अभिलेखागारात तीन चकरा मारल्या. काल परवान्याचा फोटो आला. जहाजाचं नाव आणि नंबर इथे टाकत नाही, घरच्यांना विचारायचंय.

नाव: जोखन. वय २२. उंची ५ फूट ३ इंच. डाव्या नडगीवर व्रण. जिल्हा बस्ती, ठाणं बांसी. जवळचा नातलग: आई. तिचं नाव लिहिलेलं नाही.

बापाचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलंय की नवरा आणि मी अर्धा तास झटापट केली. मग देवगडींचं आठवलं आणि मोठ्यानं म्हणून पाहिलं. घु-र-हू.

अभय, तुमच्या पणजोबांचंच नाव हो. उकर्डा.

म्हणजे घुरहूला त्याच्या आईनं उकिरड्यावर ठेवून वाचवलं. तो मोठा झाला, लग्न झालं, त्याचीही मुलं जगेनात, तेव्हा त्याच्या बायकोनं जोखनला धान्याच्या भारंभार तोललं. तो वाचला, आणि २२व्या वर्षी जहाजात बसून गेला. परवान्यावर तीच आई आहे, बिननावाची. तिला तो कुठे गेला हे कळलं असेल का, हेच माझ्या डोक्यात फिरतंय.

सासूबाईंना फोटो दाखवला. त्यांना ते अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. 'नडगीवर व्रण'ला त्यांनी थांबवलं, परत वाचायला सांगितलं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: घुरहू, जोखन, आणि पुढे सासऱ्यांच्या वडलांचं. सर्वपित्रीला पंडितजींना तोच कागद दिला. या वेळी कुठे अडलं नाही. रामधनी मंडळीही आली होती, त्यांचेही तेच पूर्वज.

अभय_नागपूर

मी आज घरी उकर्डाजींचा फोटो काढून पुसला आणि पुढच्या खोलीत लावला. एवढंच लिहितो.

कसोटीवीर

ओवी, सासूबाईंना नमस्कार सांगा.

तात्या७२

गावाचा रकाना राहिला. काय लिहिलंय?

ओवी_टोरांटो

तात्या, तिथेच अडलंय. पहिलं अक्षर म आहे, शेवटी आ. मधे शाई फुटलीय. मी महुआ वाचते, नवरा मझौआ वाचतो. जात अहिर, ते स्पष्ट आहे. नकाशात पाहिलं तर दोन्हींसारखी नावं त्या भागात बरीच आहेत.

बनारसी_पान

बांसी आता बस्तीत नाही, सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे, १९८८पासून. तिथे महुआ आणि मझौआ दोन्ही असणार, आणि पुढे बुजुर्ग, खुर्द लावून आणखी. फोटोतला तेवढा रकाना मोठा करून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्या भाच्याची सासुरवाडी बांसीपासून फार लांब नाही, आणि आम्ही फाल्गुनात एका लग्नाला तिकडे जाणारच आहोत. तात्या म्हणतात तसं अहिरांच्या टोळ्यात म्हाताऱ्यांना विचारीन: तुमच्यात कुणी घुरहू होता का, ज्याचा जोखन परत आला नाही?

ओवी_टोरांटो

व्यनि केला आहे. सासूबाई विचारतायत, फाल्गुन म्हणजे इंग्रजी महिना कोणता?